नदी खालून जुळते, कालवा वरून फुटतो. मग दोन्ही उतरंडी एकच कशा?

येरळाकाठ (सांगली): निसर्गातली उतरंड आणि माणसानं रचलेली उतरंड एकाच जातीची, हे मला पटत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते. कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा येऊन मिळते. हुकूम कुणाचाच नाही. 1952 मध्ये स्ट्राहलर या भूरूपशास्त्रज्ञानं मांडलेली प्रवाहश्रेणी, म्हणजे ओढ्या-नद्यांना पायऱ्या लावायची पद्धत, बघा. ज्याला वरून दुसरा ओढा मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन ओढे मिळाले की दुसरी श्रेणी होते, पण दुसरीला पहिलीचा ओढा मिळाला तर ती दुसरीच राहते. बरोबरीचे भेटले तरच पायरी चढते. कालव्याचं उलटं असतं. मुख्य कालवा, शाखा, वितरिका, लघुवितरिका, शेतचारी. वरचं गेट बंद झालं की खाली सगळं कोरडं!

मोजपट्टी (कराड): श्रेणी नदीत नाही, नकाशात आहे. 1:50,000 च्या नकाशावर न दिसणारी ओघळ मोठ्या नकाशावर पहिल्या श्रेणीची ठरते आणि खालचे आकडे बदलू शकतात. पाणी तेच.

येरळाकाठ: आकडा बदलेल, संगम बदलत नाही. हरिपूरच्या खाली दोन नद्यांचं पाणी वाहतं, ते नकाशा फाडला तरी वाहणार.

टेलचा माणूस (तासगाव): हुकमाला नावं ठेवू नका. आमच्या चारीवर हेडच्या, म्हणजे तोंडाकडच्या, मळ्यांतल्या मोटरी सुरू झाल्या की टेलला, शेवटच्या टोकाला, नुसती ओल येते. द्राक्षाचे घड फुगायच्या दिवसांत पाळी चुकली की मणी बारीकच राहतात, मागनं कितीही पाणी द्या. टेलकडून हेडकडं आवर्तन फिरवायचं तर वर कुणीतरी ठाम माणूस लागतोच. बरोबरीच्यांच्या भरवशावर पाणी येत नाही.

येरळाकाठ: ठाम माणूस तुमच्यातलाच का नको? महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्यानं शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था लघुवितरिकेपासून सुरू होते, मग वितरिका, कालवा, प्रकल्प. पाणीही मोजून द्यायचं. माणसाची उतरंडसुद्धा खालून बांधता येते, हेच मला म्हणायचंय.

टेलचा माणूस: संस्थेतही हेडचेच जास्त निवडून आले तर? मोजून आलेलं पाणी वाटणार तेच.

आयर्विनवाला (सांगली): दोघंही पावसाळा विसरलात. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. तो आकडा श्रेणीवर ठरत नाही. वर 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं, कोयना धरण आहे. दरवाजे किती उचलले, त्याच वेळी वारणेला किती पाणी होतं, यावर आमच्या गल्लीत होडी येते की नाही ते ठरतं. कृष्णा आता निम्मी ओढ्यांची, निम्मी दरवाज्यांची. येरळाकाठ, हिला कुठल्या उतरंडीत बसवणार?