मोफत उपचार दिले की आरोग्यातली दरी मिटते का?

वसुधा (धागाकर्ती)

उपचार मोफत करा, गरीब-श्रीमंतांच्या आयुर्मानातली दरी आपोआप मिटेल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मला वाटत नाही. उपचार मोफत हवेतच, त्यावर वाद नाही. पण माणूस आजारी पडतो घरात आणि कामाच्या जागी. दवाखान्यात तो नंतर येतो.

ब्रिटनमध्ये १९६७ साली व्हाइटहॉलच्या, म्हणजे लंडनमधल्या केंद्रीय सरकारी कचेऱ्यांतल्या, नोकरांचा अभ्यास सुरू झाला. यातलं कुणी बेकार नव्हतं, उपाशी नव्हतं आणि सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना सारखीच खुली होती. तरीही तळच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. मधल्या श्रेणीतले लोकही वरच्यांपेक्षा लवकर जात होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं, तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. म्हणजे ही दरी ‘गरीब आणि बाकीचे’ अशी नाही, ती पायरीपायरीने उतरत जाते. म्हणून घर, उत्पन्न, बालसंगोपन, कामाच्या अटी यांबद्दलचे सरकारी निर्णय हे आरोग्याचेच निर्णय आहेत, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

रोकडा_सवाल

वसुधाताई, माझा ठाम विरोध. तुमचंच खरं असतं, तर स्वीडन-नॉर्वेत ही दरी सर्वांत कमी असायला हवी होती. पगाराची विषमता कमी, बालसंगोपन, पेन्शन, बेकारभत्ता, सगळं आहे तिथे. पण युरोपातल्या देशांची तुलना केली, तेव्हा कमी शिकलेल्या आणि जास्त शिकलेल्यांच्या मृत्युदरातलं गुणोत्तर तिथे इटली-स्पेनपेक्षा कमी निघालं नाही. संशोधक याला नॉर्डिक विरोधाभास म्हणतात.

दुसरं म्हणजे घर, शाळा, पगार सगळ्यालाच आरोग्य म्हटलं, तर आरोग्यखात्याला जाब कशाचा विचारायचा? लसीकरण किती झालं, रक्तदाबाच्या गोळ्या किती जणांपर्यंत पोचल्या, हे मोजता येतं. जे मोजता येतं तिथे पैसा घाला.

सिस्टर_मंगल

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. दम्याची एक मुलगी आमच्याकडे वरचेवर ॲडमिट होते. नेब्युलायझर लावला, स्टेरॉइड दिलं की दोन-तीन दिवसांत छाती मोकळी होते. डिस्चार्ज कार्डावर आम्ही लिहितो, ‘धूळ व ओल टाळावी.’ एकदा आईने मोबाइलवर खोलीचा फोटो दाखवला. मुलीच्या उशाशीच भिंत छतापर्यंत बुरशीने काळी पडलेली. घरमालक दुरुस्ती करत नाही आणि जास्त बोललं तर खोली खाली करा म्हणतो. त्या बाईने ओल टाळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागाने १९९३ साली यासाठी वकील सोबत घेतले. डॉक्टरांनी इन्हेलर लिहून द्यायचा आणि वकिलांनी घरमालकाला नोटीस पाठवायची. मला हे उपचाराइतकंच गरजेचं वाटतं.

रोकडा_सवाल

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण एका मुलीवरून धोरण ठरत नाही. पुरावा द्या.

सांख्यिक

पुरावा दोन्ही बाजूंना त्रास देणारा आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००८ साली गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात जागा कमी आणि अर्जदार जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्यामुळे आयता प्रयोगच झाला. दोनेक वर्षांनी पाहिलं, तर विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्य घटलं होतं आणि उपचारापायी कंबरडं मोडणारा खर्च जवळपास थांबला होता. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखरेत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या उपचारांच्या सोयीने सगळं होत नाही, हे वसुधाताईंचं खरं. पण घरभाड्याला मदत केली तर होईल, हे काही त्यातून सिद्ध होत नाही.

सामाजिक मदतीचा थेट पुरावा हवा असेल, तर झारखंडमधली चाचणी बघा. तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. क्षयरोग्याच्या घरातल्या इतर माणसांनाही शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. नवं औषध नाही, नवी लस नाही.

अनिकेत

मग ही मदत अगदी तळच्या लोकांनाच द्या ना. ज्यांचं बरं चाललंय त्यांना सरकारी पैसा कशाला?

वसुधा

अनिकेत, पायऱ्यांचा मुद्दा इथेच येतो. रेषा कुठेही आखा, तिच्या जरा वर असलेला माणूस सुटतो आणि एका आजारपणात खाली येतो. शिवाय ज्याला खरी गरज आहे, त्याच्याकडेच दाखले नसतात. पात्रता सिद्ध करण्यासाठी त्याने रोजगार बुडवून खेटे घालायचे, हे मला अन्यायाचं वाटतं. आरोग्यातल्या विषमतेचे ब्रिटिश अभ्यासक मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१० साली इंग्लंडसाठी जो अहवाल दिला, त्यात यावर तोडगा आहे. सेवा सर्वांसाठी, पण जिथे गरज जास्त तिथे तिचं प्रमाणही जास्त.

रोकडा सवाल, नॉर्डिक देशांबद्दल. तुम्ही गुणोत्तर बघताय. मृत्युदर मुळातच खाली आला, की थोडा फरकही पटीत मोठा दिसतो. तिथला कमी शिकलेला माणूस इतर बऱ्याच देशांतल्या त्याच्यासारख्या माणसापेक्षा जास्त जगतो का, हे मी आधी विचारेन.

रोकडा_सवाल

ते पटतं, पण दरी मिटवण्याचं वचन तुम्ही दिलंय, सरासरी वाढवण्याचं नाही.

झारखंडचं मी मान्य करतो. का, तर तिथे तुलनेचा गट होता आणि मोजमाप झालं. घर-उत्पन्नाच्या प्रत्येक योजनेला हीच अट घाला, मी विरोध सोडतो.

वसुधा

अट मान्य, पण ती औषधोपचाराच्या योजनांनाही लावा. आणि मोजताना सरासरीवर थांबू नका, उत्पन्नगटाप्रमाणे आकडे काढा. ‘तंबाखू सोडा’ अशा जाहिरातींचा फायदा बहुधा शिकलेल्यांना आधी होतो आणि दरी वाढते. तंबाखूवरचा कर वाढवला, तर कमी उत्पन्नाचे लोक जास्त प्रमाणात सोडतात. हेतू एकच, पण परिणाम उलटे.

सिस्टर_मंगल

मोजमापावर माझी हरकत नाही. पण अडतं कुठे ते सांगते. त्या खोलीची ओल काढायचा खर्च गृहनिर्माण खात्याचा आणि वाचलेल्या खाटेचा फायदा आरोग्यखात्याचा. मग गृहनिर्माणवाले म्हणणार, आम्ही का घालावा पैसा? दोन्ही खात्यांचा निधी एकत्र ठेवल्याशिवाय हे सुटणार नाही.

रोकडा_सवाल

एकत्र निधी म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. त्यापेक्षा आरोग्यखात्याच्या बजेटमधून थेट दुरुस्तीला पैसे द्या आणि मुलांची ॲडमिशन किती घटली, याचा जाब त्याच खात्याला विचारा.

सिस्टर_मंगल

चालेल. पण मग लिहून देण्याचा अधिकार वॉर्डातल्या डॉक्टरला हवा. दुरुस्तीची फाइल मंत्रालयात गेली, तर ती मुलगी त्याआधी पुन्हा आमच्याकडेच येईल.