आरोपीच्या वकिलाचा डिटेक्टिव्ह: साक्षीदार फोडायला की आणखी कशाला?

उलटतपासणी:
काल एका चर्चेत वाचलं, "आरोपीचा वकील खासगी डिटेक्टिव्ह नेमतो तो साक्षीदार फोडायला. निर्दोष माणसाला डिटेक्टिव्ह लागतोच कशाला?" त्यावर टाळ्यांचा पाऊस. तिथे लिहून भागेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, निर्दोष माणसालाच तो जास्त लागतो! एकदा संशयित हाती लागला की पोलिसांचा तपास त्याच्याभोवतीच फिरतो. दरवेळी त्यात बदमाशी असते असं नाही. टेबलावर प्रकरणांचा ढीग असतो आणि वरून आरोपपत्राची घाई. मग समोरच्या इमारतीत ज्याने दार उघडलं नाही, त्याच्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. बचावाचा तपासनीस फिरकतो. घटना रात्रीची असेल तर रात्रीच जागेवर उभा राहतो आणि साक्षीदार सांगतोय त्या खिडकीतून चेहरा ओळखू येतो की नुसती आकृती दिसते, ते बघतो.

वकिलाने स्वतः जावं, असं म्हणाल. साक्षीदार त्याच्याशी एक बोलला आणि कोर्टात दुसरंच, तर "हा मला असं म्हणाला होता" हे शपथेवर सांगणार कोण? स्वतःच्या खटल्यात वकीलच साक्षीदार झाला तर बहुतेक वेळा खटला सोडायची पाळी येते. म्हणून तिसरा माणूस.

पंचनामा:
ते लिहिणारा मीच. नाव घ्यायला काय झालं होतं?

खात्यात उभी हयात गेली माझी. एका प्रकरणात तुमचा असाच एक 'तिसरा माणूस' साक्षीदार बाईच्या दारात गेला आणि कसलंसं कार्ड दाखवून म्हणाला, "चौकशीसाठी आलोय." तिला वाटलं पोलीसच. घाबरून दोन गोष्टी मागेपुढे बोलली. कोर्टात त्याच दोन गोष्टींवरून तिची पिसं काढली. आरोपी सुटला. म्हणा आता निर्दोष!

काथ्याकूट:
भामट्यांना वेसण कोण घालणार? भारतात 2007 मध्ये खासगी डिटेक्टिव्ह संस्थांवर नियंत्रण आणणारं विधेयक राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झालाच नाही. ब्रिटनमध्ये 2001 च्या कायद्यात परवान्याची सोय केली, ती लागू करायचं राहूनच गेलं. मला स्वतःला एका डिटेक्टिव्हने आगाऊ रक्कम घेऊन चार फोटो टेकवले होते. चारही माझ्याच गाडीचे!

उलटतपासणी:
@पंचनामा, पोलीस असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे, त्याला तेव्हाच आत टाकायचं होतंत. भोंदू डॉक्टर निघाला म्हणून दवाखाने बंद करत नाहीत.

पंचनामा:
बरं, मग हे सांगा. तुमच्या माणसाला आरोपीच्याच विरोधातलं काही सापडलं तर तो ते खिशात घालतो. तुम्हाला लाडक्या असलेल्या त्या अमेरिकेत सरकारी बाजूला मात्र आरोपीच्या फायद्याचा पुरावा द्यावाच लागतो. 1963 चा ब्रॅडी निकाल. हा कुठला न्याय?

बिनपगारी:
कारण सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर आहे, काका. आणि खिसा तितका खोल नाही. 1975 चा नोबल्स खटला वाचा. बँक दरोड्याचं प्रकरण. बचावाला आपल्या तपासनीसाची साक्ष हवी होती, पण त्याच्या अहवालातला संबंधित भाग सरकारी वकिलाला दाखवायची तयारी नव्हती. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, साक्ष द्यायची तर तो भाग दाखवा.

माझं दुखणं वेगळंच आहे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचं काय? तिथल्या फेडरल कोर्टांत 1964 च्या कायद्याने गरीब आरोपीला वकिलाबरोबर तपासनीसाचा खर्चही मिळू शकतो. आम्ही फुकटात खटले लढवतो तेव्हा तपासनीस म्हणजे मीच, माझी स्कूटर आणि माझंच पेट्रोल.

तारांबळ:
मी कॅमेरे बसवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येतात. बहुतेक उशिरा. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं फुटेज साठवणारा डबा, जुन्यावर नवं चढवतो. आरोपपत्राची वाट बघत बसलात तर हाती काही लागत नाही.

दुसरं, डीव्हीआरचं घड्याळ! ते कोणी खऱ्या वेळेशी जुळवत नाही. आतला सेल मेलेला असला आणि वीज गेली की वेळ कुठल्या कुठे. एका पोरावर मारामारीचं बालंट आलं होतं, कारण स्क्रीनवर 9:40 आणि पोरगा दिसतोय. घड्याळ पुढे होतं. प्रत्यक्षात तो मारामारीच्या आधीच निघून गेला होता. हे शोधलं ते वकिलाने पाठवलेल्या माणसाने. मोबाइलवरची वेळ स्क्रीनशेजारी धरून त्याने फोटो काढला.

पंचनामा:
त्याने आजचा फरक काढला. घटनेच्या दिवशी तेवढाच होता कशावरून? घड्याळ रोज थोडं सरकतं.

तारांबळ:
म्हणूनच त्याच दिवसाच्या फुटेजमध्ये पक्की वेळ ठाऊक असलेलं काहीतरी शोधायचं. त्याला एका गिऱ्हाइकाचं कार्डाने केलेलं पेमेंट सापडलं. त्याची वेळ बँकेकडे असते, डीव्हीआरशी तिचा संबंध नाही.

काथ्याकूट:
आणि ते फुटेज मोबाइलने स्क्रीनवरून शूट केलं असणार! सगळे तेच करतात. मूळ फाइल घ्या, हॅश (फाइलमध्ये नंतर फेरफार झाला तर ओळखू येईल असा तिचा ठसा) काढा, हे कितीदा सांगायचं?

तारांबळ:
मूळ फाइलच दिली. मला शिकवू नका.

उलटतपासणी:
विषय डीव्हीआरचा नाही, मंडळी.

काथ्याकूट:
आता आहे.

पंचनामा:
त्या पोराच्या बाबतीत तुमचा माणूस कामाला आला, जा, दिलं. एका प्रकरणापुरतं. पण फरक नोंदवताना दुकानमालकाची सही घेतली होती का? नसेल तर उद्या तोच पलटेल, म्हणेल माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं.

तारांबळ:
सही नव्हती. नंतर धावत जाऊन घ्यावी लागली.

पंचनामा:
बघा. शेवटी पोलिसाचंच डोकं लागतं. डिटेक्टिव्ह म्हणे!