सोबत द्यावं, पण आटोपशीर

ऑपरेटिंग सिस्टिमसोबत सुडो, म्हणजे साध्या युजरला एखादी आज्ञा रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालवू देणारा प्रोग्राम, द्यावं की नाही यावर ही चर्चा. ते मुळात दिलंच नाही तर लोक सरळ रूट म्हणूनच लॉगिन करून बसतील, हे म्हणणं मला पटतं. प्रश्न आहे तो काय द्यायचं याचा. सुडो हा सेटयुआयडी प्रोग्राम. कोणीही चालवला तरी सुरू होतो रूटच्याच अधिकाराने. म्हणून तर २०११ पासून कोडमध्ये पडून असलेली आणि २०२१ मध्ये सापडलेली चूक इतकी भयंकर होती. सुडोअर्स फाइलीत (सुडो कोणी वापरायचं त्याच्या यादीत) नाव नसलेला साधा युजरही तिच्यातून रूट होऊ शकत होता!

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१५ मध्ये ५.८ आवृत्तीत मूळ सिस्टिममधून सुडो काढून त्याच कामाचं आटोपशीर डू-अ‍ॅज आणलं, ते मला मनापासून आवडतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘परमिट पर्सिस्ट :व्हील’ (व्हील गटातल्या युजरना परवानगी, आणि दर वेळी पासवर्ड विचारायचा नाही) एवढी एक ओळ लिहिली की एकट्याच्या मशीनचं काम भागतं. ज्यांना एलडॅप (अनेक मशीनच्या युजरांची मध्यवर्ती नोंद), प्लगइन वगैरे लागतं त्यांनी सुडो वेगळ्या पॅकेजमधून खुशाल घ्यावं.