सिमेंटवरचा जीएसटी पुन्हा वाढवला तर घर कुणाचं अडेल?

शेळगीकर
२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. घरं काही स्वस्त झाली नाहीत, सरकारचं उत्पन्न मात्र बुडालं, तेव्हा दर परत वाढवा, असं आता ओळखीतली शिकलेली माणसं बोलायला लागलीत. माझा ठाम विरोध आहे.

बांधकाम चालू असलेला ४५ लाखांच्या आतला परवडणारा फ्लॅट घेतला तर १ टक्का जीएसटी. पण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात फ्लॅट घेतो कोण? यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या बायका अर्धा-एक गुंठा घेतात आणि जमेल तसं बांधतात. यंदा जोतं, पुढच्या वर्षी भिंती आणि पत्रे, पोरगा कमावता झाला की स्लॅब. त्यांना १ टक्का लागू नाही. सिमेंट १८, सळई १८, वायर-नळ १८. दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला पुढच्या करातून वजा करून मिळतो, या माणसाला ती वजावट कुठेच मिळत नाही.

५०० चौरस फुटांचं घर धरा. २०० पोती सिमेंट, दोन टन सळई. कर सोडून पोतं ३०० रुपये, सळई किलोला ५५ धरली तर कर होतो १०,८०० आणि १९,८००. एकूण ३०,६००. सिमेंटला जुना दर लावला की आणखी सहा हजार. सहा हजारांत लोखंडी दार बसतं.

हिशेबी
आकडे बरोबर, पण चित्र अर्धं आहे. ते घर पूर्ण व्हायला आठ-दहा लाख लागतात, त्यात सहा हजार म्हणजे एक टक्काही नाही. घर अडतं ते जागेमुळे. जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाहीच, तरी जुळे सोलापूरचे भाव कुठे पोचले बघा.

शिवाय दर कमी केला की बंगला बांधणाऱ्यालाही तीच सूट, उलट त्याला सिमेंट जास्त लागतं म्हणून जास्तच. त्यापेक्षा कर घ्या आणि गरिबाला घर द्या. सोलापूरजवळ कुंभारीचं रे नगर, ही कामगारांची वसाहत, असंच उभं राहिलं. ३० हजार घरांचा प्रकल्प, पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्यातलं केंद्राचं आणि राज्याचं अनुदान करातूनच आलं ना?

शेळगीकर
रे नगरबद्दल आदर आहे, ते कामगारांनी लढून मिळवलंय. पण स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. त्यातले तीस हजार सिमेंट-सळईच्या करात परत जातात. म्हणजे आठवा हिस्सा.

गवंड्याचा_मुलगा
एक गोष्ट कुणी बोलत नाही. साहित्याच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "पक्कं बिल पाहिजे का?" गरीब माणूस नको म्हणतो, पाच-पन्नास वाचतात म्हणून. पण पोत्यावरचा कर कंपनीने आधीच भरून भावात धरलेला असतो. कच्च्या बिलाने कर सुटत नाही, फक्त कर भरल्याचा पुरावा जातो. उद्या सरकारने बिलावर परतावा द्यायचं ठरवलं तरी यांच्या हातात काही नसेल.

भाडेकरू
राहत्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही म्हणून आम्ही सुटलो असं समजू नका. मालक वरच्या दोन खोल्या काढतो, तो खर्च भाड्यातून वसूल करतो. आणि महिन्याला हातात काही शिल्लकच राहत नाही, त्या घरातला रुपयान् रुपया बाजारात जातो, कर लागून. पाकीटबंद आट्यावरसुद्धा जुलै २०२२ पासून ५ टक्के आहेत. पगारातून बचत करणाऱ्याला वाढीचा चटका तेवढा बसत नाही.

हिशेबी
हे मान्य. म्हणूनच म्हणतो, वाढीव पैसा थेट खात्यात द्या.

विडीवाल्या_आईची_लेक
कुणाच्या खात्यात देणार, दादा? आमची जागा बाँडवर घेतलेली आहे, नोटरी करून. खरेदीखत नाही. जागा नावावर नाही म्हणून बांधकाम परवाना नाही, परवाना नाही म्हणून अनुदानाचा अर्ज परत आला. आईने हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून पैसे साठवून भिंती उभ्या केल्या. तिच्यापर्यंत सरकारची एकच सवलत पोचली, ती म्हणजे दुकानात उतरलेला कर. तिला कागद दाखवावा लागला नाही. तीच तुम्ही काढून घ्या म्हणताय.

हिशेबी
ताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, घरं नियमित झाल्याशिवाय अनुदान तुमच्यासारख्यांपर्यंत येणार नाही, हे खरंय. महापालिकेने ते आधी करावं, याला माझा पूर्ण पाठिंबा.

शेळगीकर
मग क्रम तोच ठेवा. आधी कागद, मग अनुदान, त्यानंतर दरवाढीचं बोला. आणि सळईवरचा करही खाली आणा.

हिशेबी
सिमेंटपुरता थांबायला तयार आहे. सळईवर नाही. पत्र्याच्या घराला सळई लागते किती? ती सूट बहुमजली इमारती बांधणारेच खातील.