शब्दचर्चा : 'डबल क्रॉस'ला मराठीत काय म्हणायचं?

चौथी_खिडकी

आमच्या फिल्म क्लबात गाय रिचीचा 'स्नॅच' (२०००) दाखवायचा आहे. खेळाआधी वाटायला मराठीत दोन पानांचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि दुसऱ्याच परिच्छेदात गाडी अडली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अँटवर्पमध्ये ८६ कॅरटचा हिरा लुटला जातो. तो घेऊन फ्रँकी लंडनला येतो. दरोड्यातलाच एक साथीदार त्याला सांगतो, पिस्तूल लागलं तर बोरिसकडे जा. हा बोरिस त्या साथीदाराचा सख्खा भाऊ निघतो, आणि दोघांचा डोळा हिऱ्यावर. बोरिस हे काम स्वतः न करता गहाणवटीचं दुकान चालवणाऱ्या दोन बावळटांना देतो. दुसरीकडे टर्किश आणि टॉमी हे बेकायदा बॉक्सिंगच्या लढती लावणारे दोघे ब्रिक टॉप नावाच्या भयंकर म्हाताऱ्याच्या कचाट्यात सापडतात. शेवटी हिरा एका कुत्र्याच्या पोटात जातो.

इंग्रजी परीक्षणांत 'डबल क्रॉस' हा शब्द ओळीआड येतो. मी 'विश्वासघात' लिहिलं आणि वाक्य एकदम काळंठिक्कर पडलं. 'दगाफटका' लिहिलं तर प्रतापगड दिसतो, 'फितुरी' म्हटलं की संगमेश्वर. 'गद्दारी'वर २०२२ नंतर विधान भवनाच्या पायऱ्यांचा शिक्का बसलाय. मला हसू यायला हवंय हो! सुचवा काहीतरी.

गिरगावकर

'डबल गेम'. विषय संपला. आमच्या चाळीत आजही कोणी 'त्याने माझा विश्वासघात केला' म्हणालं तर लोक आधी विचारतील, कुठल्या नाटकात आहेस?

'पलटी मारली', 'टांग दिली', 'टोपी फिरवली', 'मामा बनवला' हेही आहेत, पण सगळे एकाच मापाचे नाहीत. टोपी घालणारा पहिल्यापासूनच फसवायला आलेला असतो. टोपी फिरवणारा आधी तुमच्या बाजूने असतो आणि मग नसतो. पलटी मारणाऱ्याचंही तसंच. 'मामा बनवला' यात सगळा भर फसलेल्याच्या बावळटपणावर. बोरिसने त्या दुकानदारांचा मामा बनवला हे चालेल, बोरिसने टोपी फिरवली हे नाही चालणार, कारण बोरिस कधी कोणाच्या बाजूला नव्हताच.

रकमा लिहिताना मात्र 'पेटी' आणि 'खोका' वापरू नका. लाख आणि कोटीसाठी मुंबईच्या अंडरवर्ल्डचे हे शब्द चपखल बसले असते, पण आता 'खोका' म्हटलं की लंडन राहतं बाजूला आणि वाचक 'एकदम ओके' म्हणत सुटतो.

जुना_कोश

गिरगावकरांच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराचं अर्धं सूत आहे. विश्वासघाताला आधी विश्वास लागतो. फितुरीला स्वामी लागतो, राज्य लागतं, तट लागतो आणि रात्री उघडून द्यायचा दरवाजा लागतो. द्रोहाला मित्र, गुरू नाहीतर देश. आपले हे सगळे भारदस्त शब्द निष्ठेच्या घरातले आहेत. 'स्नॅच'मध्ये कोणाची कोणावर निष्ठा आहे? टर्किश आणि टॉमीची एकमेकांवर असेल थोडी, ती सोडा. बाकी सगळा व्यवहार ठकाचा ठकाशी. तेव्हा शब्द घात-द्रोहाच्या घरातून न आणता ठकवण्याच्या घरातून आणायला हवेत : गंडा घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, हातोहात फसवणे, कात्रजचा घाट दाखवणे. शेवटचा तर खास आपला. लाल महालावरच्या छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेला लावलं, अशी आख्यायिका आहे. त्यात फसवणूक आहे, पण ऐकणारा फसवणाऱ्याच्या बाजूचा असतो, आणि विनोदी गुन्हेपटाला नेमकं हेच हवं असतं.

मथळ्यासाठी विचाराल तर 'चोरावर मोर'. एवढ्या दोन शब्दांत अख्खा चित्रपट मावतो.

लालमाती

जुना_कोश, तुमचं पटलं. पण 'चोरावर मोर' आणि 'डबल क्रॉस' एक नव्हेत. इंग्रजी शब्द मुळात आखाड्यातला आहे आणि याच चित्रपटात तो आपल्या मूळ अर्थाने घडतो. हे टिपणात यायलाच पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उघड्या मुठींच्या लढतींवर आणि घोड्यांच्या शर्यतींवर प्रचंड पैसा लागायचा. बॉक्सिंगचे क्वीन्सबेरी नियम १८६७चे, त्याआधी हातमोज्यांची सक्ती नव्हती. आधी ठरवून हरायचं, त्याला बोली भाषेत 'क्रॉस' म्हणत. सरळ लढतीला 'स्क्वेअर'. आणि हरायचं कबूल करून, पैसे घेऊन, ऐन वेळी जिंकायचं तो 'डबल क्रॉस'. म्हणजे लबाडीशी केलेली लबाडी.

आता मिकी आठवा, टर्किशने लढतीला उभा केलेला मुष्टियोद्धा, ब्रॅड पिटने केलेला. ब्रिक टॉपचं म्हणणं, चौथ्या फेरीत आडवा हो. टर्किश हो म्हणतो, मिकीही हो म्हणतो. घंटा होते, आणि मिकी एकाच ठोशात समोरच्याला लोळवतो. टर्किशचा चेहरा बघा त्या वेळी. ब्रिक टॉपच्या माणसांनी लावलेले पैसे बुडाले. हा झाला कोशातला डबल क्रॉस, जसाच्या तसा.

आपल्याकडे 'क्रॉस'ला शब्द आहे : नुरा कुस्ती. वर्तमानपत्रं तो सत्ताधारी आणि विरोधकांसाठी वापरून वापरून गुळगुळीत करतात, पण शब्द मातीतला आहे. पैलवान आधी ठरवून लढतात, घाम गाळतात, धूळ उडते, आणि जाणकार प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला ओळखतो, कारण पकड बसते तिथे जोर नसतो. कोल्हापूरकडच्या मैदानात अशा वेळी काय आरडाओरडा होतो ते ऐकलेल्याला सांगायला नको. तर 'मिकीने नुरा मोडली' लिहा. नुरा ठरली, नुरा मोडली. पहिल्या वाक्यात लबाडी, दुसऱ्यात लबाडीवरची लबाडी.

चौथी_खिडकी

लालमाती, हे म्हणजे घबाड आहे! पण दुसऱ्या लढतीचं काय? पहिल्यात मिकीने बहुधा मस्तीत मारलं. मग ब्रिक टॉपची माणसं त्याच्या आईचा कॅरॅव्हन, म्हणजे चाकांवरचं घर, जाळतात, आई आत असते. दुसऱ्या लढतीत मिकी चौथ्या फेरीपर्यंत मार खातो आणि मग जिंकतो. स्वतःवरच पैसे लावलेले असतात, आणि तिकडे त्याच्या लोकांनी ब्रिक टॉपच्या माणसांचा निकाल लावलेला असतो.

लालमाती

तिथे 'नुरा मोडली' पुरत नाही. तो सूड आहे. 'डाव उलटवला' म्हणा. कुस्तीतही खालचा पैलवान वरच्याचाच जोर वापरून त्याला उलटवतो, तसंच आहे ते.

अर्धा_चहा

व्युत्पत्ती निघालीच आहे तर एक लोकप्रिय गोष्ट बाद करून टाकू या. जोनाथन वाइल्ड हा अठराव्या शतकातला लंडनचा चोर-पकड्या. स्वतःच चोरांची टोळी चालवायचा आणि नकोसे झालेले चोर सरकारला पकडून द्यायचा. १७२५ साली त्याला टायबर्नला फाशी दिलं. तो म्हणे वहीत चोरांच्या नावापुढे फुली मारायचा, आणि ज्याला पकडून द्यायचं ठरलं त्याच्यापुढे दुसरी फुली. म्हणून डबल क्रॉस. गोष्ट छान आहे, पण शब्द छापील इंग्रजीत दिसू लागतो तो त्यानंतर शंभरेक वर्षांनी, आणि तोही शर्यती-लढतींच्या संदर्भात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर उलटवणाऱ्या ब्रिटिश समितीचं नाव 'ट्वेंटी कमिटी' होतं, कारण रोमन वीस म्हणजे दोन फुल्या. ती कोटी मात्र खरीच. शब्द आधीचा, कोटी नंतरची.

माझी खरी शंका वेगळी आहे. संवाद मराठीत देणार असाल तर ब्रिक टॉपला 'तू' की 'तुम्ही'? इंग्रजीतलं एकच 'यू' आपल्याला फोडावं लागतं. ब्रिक टॉप सगळ्यांना 'तू' म्हणणार, टर्किश त्याला 'तुम्ही', हे उघड आहे. पण मिकी? तो ब्रिक टॉपलाही 'तू'च म्हणेल, त्याला कोणाची भीडभाड नाही. अर्ध्या विनोदाचं काम हे एक सर्वनाम करून जाईल.

गिरगावकर

ब्रिक टॉप नुसता 'तू'वाला नाही. तो गोड बोलून कापणारा आहे. टर्किश त्याला चहात साखर घालू का विचारतो, तेव्हा तो नको म्हणतो, मी आहे तेवढा गोड पुरे. आणि हा माणूस प्रेतं डुकरांना खायला घालणारा! शब्दशः 'मीच गोड आहे' केलंत तर तो लग्नातला काका वाटेल. माझा प्रयत्न :

'साखर?'

'नको रे. जिभेवर आहे की माझ्या.'

'जिभेवर साखर' हे आपण चांगल्या अर्थाने म्हणतो, पण समोरचा कोण आहे ते ठाऊक असलेल्याच्या अंगावर काटा यायला हवा. त्याच्या सगळ्या कारभाराला 'केसाने गळा कापणे' हा वाक्प्रचार द्या. धार दिसत नाही, रक्त दिसतं.

लीड्सहून

इथे राहून हा चित्रपट इंग्रज मित्रांबरोबर पाहिलाय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, मिकी आणि त्याच्या लोकांना चित्रपटात सतत 'पायकी' म्हणतात. ती शिवी आहे. आज इथे चारचौघांत उच्चारली तर माना वळतात. मराठीत आणताना आपल्याकडच्या एखाद्या भटक्या जमातीचं नाव तिथे बसवायचा मोह होईल, कृपा करून बसवू नका. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला आणि १९५२ साली कागदावर पुसला गेला, त्यांची नावं विनोदात 'चोर' म्हणून वापरली की तो शिक्का आपण पुन्हा मारतो. 'पायकी' तसाच ठेवा आणि एका ओळीत सांगा की ही हेटाळणी आहे. वर्णन करायचं तर 'पालावरचे' मला साधं वाटतं, पण हे लोक तंबूत नाही, कॅरॅव्हनमध्ये राहतात, आणि मिकी आईसाठी हट्टाने मागतो तोही कॅरॅव्हनच. शब्द तोच राहू द्या.

दुसरी, मिकी जिप्सी आहे असं बरेच जण लिहितात. तो आयरिश ट्रॅव्हलर आहे, आयर्लंडातल्या भटक्या समाजातला. जिप्सी म्हणजे रोमानी लोक वेगळे, त्यांची भाषा भारतातून गेलेल्या आर्य भाषांपैकी. ट्रॅव्हलरांची भाषा शेल्टा, ती आयर्लंडातली. पण लंडनच्या चोरबोलीत रोमानी शब्द आहेत हे खरं. पोलिसांच्या खबऱ्याला 'नार्क' म्हणतात, तो बहुतेक कोशकार रोमानी 'नाक'पासून आणतात, आणि त्याचा अर्थ आपलंच नाक. वास काढणारा! 'चॅव' हा तुच्छतेचा शब्द रोमानी 'छावो'पासून, म्हणजे मुलगा. आपला 'छावा' त्याचाच भाऊबंद. तिथे शिवी झाला, आपल्याकडे अभिमान.

जुना_कोश

वा! खबऱ्यासाठी त्यांचा दुसरा शब्द 'ग्रास'. त्याची एक उपपत्ती यमकी बोलीतून सांगतात : पोलीस म्हणजे 'कॉपर', त्याला यमक 'ग्रासहॉपर', मग उरला नुसता 'ग्रास'. रिचीच्या आधीच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स'मध्ये (१९९८) दारूच्या गुत्त्यातला एक जण असली बोली इतकी सुसाट बोलतो की इंग्रजी चित्रपटात इंग्रजीचीच इंग्रजी उपशीर्षकं येतात.

त्या नावावरही एक धागा होईल. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे चाप, दस्ता, नळी, अख्खी बंदूक, म्हणून 'सगळंच्या सगळं'. आपण 'बाडबिस्तऱ्यासकट' म्हणू, पण त्यात बंदूक नाही, आणि तिथे सगळा खेळ दोन जुन्या बंदुकांचा आहे. तिथला पत्त्यांचा डाव 'थ्री कार्ड ब्रॅग', आपल्या तीन पत्तीचा पूर्वज. फरक एवढाच की ब्रॅगमध्ये तीन तिऱ्या सगळ्यांत भारी, आपल्याकडे तीन एक्के. ब्लाइंड, चाल, शो ही आपल्या फडाची भाषा त्या प्रसंगासाठी आयती तयार आहे, शोधायला जायला नको. कॅमेऱ्यातून खेळणाऱ्या पोराची पानं बघून डाव मांडणाऱ्या मालकाला खूण पोचवतात तो प्रकार मात्र ना डबल क्रॉस ना नुरा. ती निव्वळ लांडी.

चौथी_खिडकी

टिपणात आता असं लिहिलंय, बघा बसतंय का :

'फ्रँकीला बोरिसचा पत्ता देणाऱ्या साथीदाराने त्याचा केसाने गळा कापला. बोरिसने दुकानदारांचा मामा बनवला. टर्किशने ब्रिक टॉपशी नुरा ठरवली, मिकीने ती मोडली. कोणी कोणाचा विश्वासघात केला नाही, कारण विश्वास नावाची चीज लंडनच्या त्या भागात विकतच मिळत नव्हती.'

मथळा 'चोरावर मोर, मोरावर कुत्रं'. 'डबल गेम' शेवटच्या परिच्छेदात एकदाच येतो : 'सगळ्यांनी सगळ्यांशी डबल गेम केली.'

गिरगावकर

मथळ्याला शंभर मार्क. पण 'गेम केली' नाही, 'गेम केला'. आणि 'केला' लिहिताना जपून. 'त्याचा गेम केला' म्हणजे त्याला संपवला. 'त्याच्याशी डबल गेम केला' म्हणजे फसवला. 'चा' आणि 'शी' यांत एका माणसाच्या जिवाचा फरक आहे.

लालमाती

ब्रिक टॉपच्या बाबतीत दोन्ही विभक्त्या चालतील. आधी शी, मग चा.