उन्हाळ्यात वडिलांचा उठताना तोल जातो, बीपीची गोळी कमी करावी का?

बोरीकाठ_अमळनेर
वडील ७६ वर्षांचे. अमळनेरला स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी टेल्मीसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ची एकत्र गोळी घेतात, शुगरला मेटफॉर्मिन. एप्रिलपासून बाजेवरून उठले की डोळ्यांसमोर अंधारी येते. बसून बीपी १२८/७६ भरतं, म्हणजे नॉर्मल. पाणी प्यायला सांगितलं की "रातले उठनं पडस" म्हणून टाळतात. हार्ट-किडनीचा त्रास नाही. शेजारचे म्हणतात गोळी अर्धी करा. करावी का? आणि दुपारी कूलर लावून भागेल का?

सिस्टर_धुळे
गोळी स्वतःहून अर्धी करू नका, बंद तर नकोच. आधी उभं राहून बीपी मोजा. बसून घेतलेलं माप या तक्रारीत काहीच सांगत नाही.

सकाळी गोळीनंतर दोन-तीन तासांनी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवा आणि माप घ्या. दंडावर बांधायचं मशीन वापरा, मनगटाचं नको. मग उभं करा, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. हात छातीच्या पातळीवर टेकवलेला हवा. लोंबता ठेवला तर आकडा खोटा वाढतो आणि घसरण लपते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तोल का जातो ते कळलं. जवळ एक जण उभा ठेवा, गरगरलं की लगेच बसवा. तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळी बदलायची की कमी करायची ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.

त्यांच्या गोळीतलं दुसरं औषध लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. जानेवारीत ते ठीक. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की घामातूनही तेच जातं, त्यात पिणं कमी. शिवाय म्हातारपणी तहान लागतच नाही, म्हणून "तहान लागली की देऊ" हा हिशेब चुकतो. लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवा: पहिली साडेअकरापर्यंत, दुसरी संध्याकाळी सहापर्यंत संपवायची. दर तासाला एक फुलपात्र. सहानंतर घोटभर. ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यांनी मात्र हे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करून ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायची का ते विचारा. त्यात उद्यावर ढकलणं नको.

मेडिकलवाला_चोपडा
सिस्टरांच्या म्हणण्यात थोडी भर. ओआरएसची मोठी पुडी (साधारण २१ ग्रॅम) पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी (४ ग्रॅमच्या आसपास) २०० मिलीत. अर्धी पुडी पेल्यात टाकून उरलेली दुमडून ठेवणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिथेच प्रमाण बिघडतं. कालवलेलं २४ तासांनी फेकायचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तयार डब्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका. आणि बीपीवाल्याला ओआरएस रोजचं पेय म्हणून नको, जुलाब किंवा खूप घाम झाला तरच. रोजच्याला पातळ ताक किंवा ज्वारीची आंबील, मीठ बेताचं. ठेचा-पापडातून मीठ पोटात जातंच.

वायरमन_भुसावळ
कूलर चालेल, पण खोली बंद करून नाही. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते म्हणून कूलर काम करतो. ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. बंद खोलीत तासाभरात चिकचिक होते, मग घाम वाळत नाही आणि म्हातारा माणूस जास्त हैराण होतो. जूनमध्ये पाऊस पडला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग आहे का ते आधी बघा. तीन पिनचा प्लग असला तरी बोर्डात अर्थिंगची तार नसते, हे जुन्या घरांत नेहमीचं. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

वरचा मजला म्हणता, तर स्लॅबवर मार्चमध्येच चुना मारायला हवा होता. आताही मारा, खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. लाइट गेली की पंचा ओला करून मान-छातीवर टाका आणि वारा घाला.

बोरीकाठ_अमळनेर
मोजलं. झोपून १३२/७८, उभं राहून तिसऱ्या मिनिटाला १०४/६६. उद्या डॉक्टरांकडे जातो. रात्रीचं काय करू? दोन-तीनदा उठतात, बाथरूम अंगणापलीकडे.

सिस्टर_धुळे
२८ ने उतरलं, हे डॉक्टरांना ठळक सांगा.

दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी पायात उतरतं आणि रात्री आडवं झाल्यावर लघवीतून निघतं. म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून झोपवा. रात्री अंगण ओलांडायचंच नाही. बाजेशेजारी युरिन पॉट, बसूनच वापरायचा. उठण्याआधी कडेला दोन मिनिटं बसून पावलं पंधरा वेळा वर-खाली.

बाजेची निवार सैल असेल तर ताणून घ्या. मध्ये झोळ पडला की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना झटका द्यावा लागतो. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत.

आणि अंग तापलं, बरळायला लागले किंवा ओळखेनासे झाले तर १०८ लावा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी, पंखा, काखेत-जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही.

वायरमन_भुसावळ
बाथरूममध्ये हाताला धरायचा दांडा स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीत ड्रिल करून लावा. व्हॅक्यूमने चिकटणारा नको, ओल्या टाइलवर ऐन वेळी सुटतो. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू धरत नाही, तो आत विटेपर्यंत गेला पाहिजे. लावून झाल्यावर आधी तुम्ही स्वतः लटकून बघा. दार बाहेर उघडणारं करून घ्या, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. आतली कडी काढून टाका.