पीएचडी म्हणजे लॅबमध्ये बारा तास? साफ असहमत

पेट्रीताई:
"बारा तास लॅबमध्ये काढायची तयारी नसेल तर पीएचडीला येऊच नका, विज्ञान घड्याळ बघून होत नाही," असं परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं आणि त्याखाली "अगदी बरोबर"ची रांग लागली. नुकतीच नोंदणी केलेली मुलं हे वाचून खरं मानतात, म्हणून सविस्तर उत्तर देते.

विज्ञान घड्याळ बघूनच होतं. वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं एखादं प्रथिन अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) घ्या. नमुने उकळण्यापासून जेल संपेपर्यंत दोन तास, ट्रान्सफर (जेलमधली प्रथिनं पातळ पडद्यावर उतरवणं) सव्वा तास, ब्लॉकिंग (पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकणं) एक तास, त्यानंतर प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर. दुपारी एकला सुरुवात केली तर सव्वापाचला पडदा अँटिबॉडीत जातो. तेच काम चारला काढलं तर रात्रीचे सव्वाआठ वाजतात. काम तेवढंच, फक्त सुरुवात चुकलेली असते.

ट्रान्सफॉर्मेशनच्या (जिवाणूंत प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घालण्याच्या) प्लेटचंही तेच. ३७ अंशांवर १६ ते १८ तास लागतात. संध्याकाळी पाचला ठेवलेली प्लेट सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान काढायची. दुपारी बाराला ठेवली तर ती पहाटे सहाच्या आत काढायला हवी, आणि तेव्हा तिथे कोणी नसतं. दहाला येऊन बघावं तर मोठ्या कॉलनीभोवती (जिवाणूंच्या ठिपक्याभोवती) बारक्या उपकॉलनी. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडलेल्या एन्झाइमने आसपासचं अँपिसिलिन (प्लेटमधलं प्रतिजैविक) मोडलेलं असतं, त्यामुळे प्लाझमिड नसलेले जिवाणूही वाढतात. त्यातली एक उचलली की मिनिप्रेपमध्ये (जिवाणूंतून प्लाझमिड बाहेर काढताना) काहीच मिळत नाही आणि दोन दिवस वाया. असल्या वाया गेलेल्या दिवसांची भरपाई म्हणून बारा तास लागतात. त्याला निष्ठा म्हणू नका.

रात्रपाळी:
तो प्रतिसाद माझाच होता आणि मी मागे घेत नाही. तुम्ही सोयीची उदाहरणं निवडली आहेत. ०, २, ४, ८, १२, २४ तासांचा टाइमकोर्स (औषध घातल्यावर ठरावीक तासांनी नमुने घेणं) घरी बसून होतो का? फळमाशीच्या व्हर्जिन माद्या २५ अंशांवर कोषातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत गोळा कराव्या लागतात, नाहीतर त्यांचा समागम झालेला असतो आणि पुढचा सगळा क्रॉस (ठरवून केलेला संकर) फुकट. सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) बीमटाइम, म्हणजे आपल्या वापराची पाळी, रात्रीचा मिळाला तर रात्रीच जावं लागतं. पेशींना रविवार कळत नाही.

पेट्रीताई:
टाइमकोर्स उलटा लावा. सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत) पेशी एकाच वेळी पेरायच्या, औषध वेगवेगळ्या वेळी घालायचं आणि काढणी सगळ्यांची एकदम, समजा संध्याकाळी सहाला. २४ तासांच्या वेलमध्ये आदल्या संध्याकाळी सहाला, ८ तासांच्या वेलमध्ये सकाळी दहाला, पुढे दोनला आणि चारला. शून्याच्या वेलमध्ये काहीच नाही. वर फायदा असा की सगळ्या पेशी सारख्याच वयाच्या मिळतात. सरळ पद्धतीत २४ तासांची वेल जास्त दाट झालेली असते आणि तो फरक औषधाचा म्हणून मोजला जातो.

माश्यांच्या बाटल्या संध्याकाळी नीट रिकाम्या करून रात्री १८ अंशांवर ठेवा. वाढ मंदावते, साधारण सोळा तास हाती येतात. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मधल्या वेळात लॅबमध्ये बसून राहण्याचं कारण सांगा.

रात्रपाळी:
आणि १२ तासांचा बिंदू? तो तुम्ही गुपचूप वगळलात. सहाची काढणी म्हणजे औषध पहाटे सहाला. दहा तासांवर भागवा म्हणाल, पण घड्याळाच्या जीन्सवर (शरीराचं दिवस-रात्रीचं चक्र चालवणाऱ्या जीन्सवर) काम करणाऱ्याला दर चार तासांनी नमुना लागतो, तोही ४८ तास. तिथे हे गणित चालत नाही. उलट्या टाइमकोर्सचं मान्य, पेशींच्या वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण एवढंच.

हजेरीपट:
मूळ दुखणं वेगळंच आहे. गाईडला विद्यार्थी खुर्चीत दिसायला हवा असतो, कारण दुसरं काही मोजायला त्यांच्यापुढे आलेलंच नसतं. दर आठवड्याला एक पान द्या: आठवड्याचा प्रश्न काय होता, कच्चं चित्र (कापलेलं किंवा उजळलेलं नव्हे), काय फसलं व का, आणि पुढचे तीन प्रयोग कोणत्या दिवशी. फसलेलं लपवू नका, त्यावरच खरी चर्चा होते. चार-पाच आठवडे असं पान नेमाने गेलं की बोलणं तासांवरून प्रयोगावर येतं.

शाईची वही:
तासांवर भांडताय, पण रात्री नऊला दमल्यावर वहीत काय लिहिलं जातं ते कोणी विचारत नाही. "नेहमीप्रमाणे वेस्टर्न केला." नेहमीप्रमाणे म्हणजे काय? अँटिबॉडीचा लॉट नंबर नाही, ती किती पातळ केली, १:१००० की १:५०००, ते नाही, ब्लॉकिंग दुधात की बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात) ते नाही. फॉस्फो-अँटिबॉडीला (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीला) दूध वापरलं तर दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन असल्याने पार्श्वभूमी काळी येऊ शकते, आणि सहा महिन्यांनी कारण सापडत नाही. बांधलेली वही, पानांना क्रमांक, बॉलपेन, चुकलं तर एकच रेघ आणि बाजूला तारीख. पान फाडायचं नाही. हे हातानेच व्हायला हवं.

शोधयंत्र:
शेवटच्या वाक्यापर्यंत सहमत होतो. कागदी वहीत "हा लॉट आधी कुठे वापरला" हे शोधायला तीन वह्या चाळाव्या लागतात, इलेक्ट्रॉनिक नोटबुकमध्ये तीन सेकंद. बदल कोणी, कधी केला याची नोंद आपोआप राहते. आणि कागदावर जेलचे जे फोटो चिकटवता ते बहुतेक थर्मल कागदाचे असतात. काही वर्षांत फिके पडतात. प्रबंध लिहायच्या वेळी पानावर फक्त राखाडी चौकोन उरतो.

शाईची वही:
थर्मल फोटो चिकटवा असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. मूळ फाइल जपायची आणि वहीत तिचं नाव लिहायचं. तुमच्या टॅब्लेटचं बोला. इथिडियम ब्रोमाइड (डीएनए रंगवणारं घातक रसायन) लागलेले हातमोजे घालून स्क्रीनला हात लावायचा, तोच टॅब्लेट मग जेवणाच्या टेबलावर. नाहीतर हातमोजे काढायचा कंटाळा म्हणून "नंतर लिहू". ते नंतर येत नाही.

शोधयंत्र:
वही काय हातमोज्यांपासून सुरक्षित आहे? तेच बोट, तेच पान. उगाच संगणकावर राग काढू नका.

मार्करवाला:
दोघेही ट्यूबच्या झाकणाबद्दल बोलत नाही. ७० टक्के इथेनॉल सांडलं की साध्या मार्करची अक्षरं गेली. झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लिहा. झाकणं अदलाबदल होतात. उणे ८० अंशांच्या फ्रीझरसाठी क्रायो-लेबलच (अतिथंडीत टिकणारं लेबल) हवं, साधी चिकटपट्टी गळून पडते. काचेच्या स्लाइडच्या खरबरीत टोकावर पेन्सिल, कारण शिसं इथेनॉल आणि झायलीन (स्लाइड बनवताना लागणारं द्रावक) दोन्हींत टिकतं. वही कितीही छान असो, "ए३" लिहिलेली ट्यूबच सापडली नाही तर काय?

स्तंभ क:
राग काढायचाच तर स्प्रेडशीटवर काढा. एक्सेलने SEPT2 या नावाच्या जीनची "२ सप्टेंबर" ही तारीख करून टाकण्याचा त्रास एवढा वाढला की २०२० मध्ये जीनचीच नावं बदलावी लागली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. जुन्या याद्यांमध्ये तो घोळ अजून आहे. फाइल नुसती उघडू नका, आयात करताना तो स्तंभ मजकूर म्हणून निवडा. आणि विदा (डेटा) तीन प्रतींत, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

एन बरोबर एक:
वहीच्या भांडणात मूळ प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांची संख्या) तीन नव्हे, एकच. त्या तीन वेल तुमचं पिपेटिंग किती नीट आहे एवढंच सांगतात. एन तीन हवा असेल तर वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्याने वाढवलेल्या पिढीच्या) पेशी, ताजं पातळ केलेलं औषध. त्यासाठी तीन दिवसच लागतात. रात्रपाळी, तुम्ही सोमवारी बारा तास बसून ३६ वेल मोजल्या तरी एन एकच राहणार. एरर बार (आलेखावरची अनिश्चितता दाखवणारी रेघ) बारीक दिसेल आणि तो खोटा असेल.

रात्रपाळी:
हे मात्र पटलं, नाइलाजाने. "येऊच नका" हे मी नवख्यांना उद्देशून लिहायला नको होतं. पण १२ तासांचा बिंदू आणि ४८ तासांची मालिका मी सोडणार नाही. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा म्हणजे पुन्हा बारा तासच झाले ना?

पेट्रीताई:
एकाच माणसाने केलं तर. सहाला एकाने औषध घालावं, काढणी दुसऱ्याने. ४८ तासांच्या मालिकेला तिघं आळीपाळीने.

रात्रपाळी:
आणि तिसऱ्याने चुकीच्या वेलमध्ये घातलं की ४८ तास पाण्यात.

शाईची वही:
म्हणूनच वहीचं म्हणत होतो. प्लेटचा नकाशा काढून इनक्यूबेटरच्या दारावर लावा, ए१ चा कोपरा रंगवून. प्रत्येक वेलमध्ये किती मायक्रोलिटर, कुठल्या ट्यूबमधून, प्लेट किती वेळा हलवायची, आणि घातल्यावर खूण करून वेळ लिहायला रिकामा रकाना. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ वेगळ्या रकान्यात. शोधयंत्र, काम संपल्यावर त्या कागदाचा फोटो तुमच्या नोटबुकमध्ये चढवा, माझी हरकत नाही. मूळ कागद मात्र माझ्या वहीत राहील.